दहापैकी सात

‘सायबरपंक २०७७’ या व्हिडिओ गेमची परीक्षणे ७ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाली. गेम बाजारात येणार होता तो १० डिसेंबरला. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओने त्याची घोषणा २०१२ साली केली होती. म्हणजे चाहत्यांनी त्याची आठ वर्षे वाट पाहिली होती आणि सुमारे ८० लाख प्रती आगाऊ विकल्या गेल्या होत्या. अनेक परीक्षकांनी १० पैकी ९ किंवा १० गुण दिले. ‘गेमस्पॉट’च्या समीक्षिका कॅली प्लेग यांनी ७ दिले. नाइट सिटी या कल्पित महानगराची बांधणी त्यांना वरवरची वाटली, तांत्रिक दोषही खटकले, आणि तसे त्यांनी कारणांसह लिहिले. त्यानंतर त्यांच्यावर जी शिवीगाळ झाली तिचा तपशील येथे देण्याची गरज नाही. एकच गोष्ट ध्यानात घ्यावी. शिव्या देणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही तोवर तो गेम खेळलेला नव्हता. खेळणे शक्यच नव्हते.

प्रत्येक मोठ्या ‘ओपन वर्ल्ड’ गेमच्या वेळी हे नाट्य थोड्याफार फरकाने पुन्हा घडते. समीक्षकांनी गुण जास्त दिले की कमी, कोण विकला गेला, कोणाला गेम कळलाच नाही, यावर आठवडेच्या आठवडे खडाजंगी चालते. या वादाला समीक्षेविषयीचा वाद म्हणण्याचा प्रघात आहे. आमचे म्हणणे असे, की हा समीक्षेविषयीचा वाद नव्हेच. समीक्षा वाचावी लागू नये म्हणून जी सोय करून ठेवली आहे, त्या सोयीविषयीचा हा वाद आहे. आणि ज्या कलाप्रकारात ही सोय सर्वांत निरर्थक ठरते, नेमक्या त्याच प्रकारात ती सर्वांत उग्रपणे मागितली जाते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या पोरखेळात का पडावे, असे आमचे काही सहव्यवसायी विचारतील. त्यांना आमचे उत्तर सोपे आहे. एखाद्या कलाकृतीच्या परीक्षणासाठी माणसे हिरिरीने भांडतात, ही घटना आज साहित्याच्या प्रांतात फार दुर्मीळ झाली आहे. जिथे ती घडते तिकडे पाठ फिरवून आपण समीक्षेचे अध्यापन करणार असू, तर ते अध्यापन फक्त प्रश्नपत्रिकेपुरते उरेल. शिवाय या भांडणातले अर्धे योद्धे आमच्याच वर्गातल्या मागच्या बाकांवर बसलेले असतात.

प्रथम या प्रकाराचे स्वरूप पाहू. ओपन वर्ल्ड गेममध्ये एक विस्तीर्ण प्रदेश उभा केलेला असतो आणि खेळणाऱ्याला त्यात मोकळे सोडलेले असते. मुख्य कथानक असते. पण ते कधी पुढे न्यायचे, मध्येच सोडून डोंगरापलीकडे काय आहे ते पाहायला जायचे का, वाटेत भेटलेल्या माणसाचे काम अंगावर घ्यायचे का, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एकजण कथेचा धागा धरून ३० तासांत शेवट गाठतो. दुसरा १०० तासांनंतरही गल्ल्या धुंडाळत असतो. दोघांनी एकच वस्तू विकत घेतलेली असते, परंतु दोघांच्या अनुभवांतील घटनांचा क्रम, लय, पात्रांशी झालेली ओळख, इतकेच काय शेवटही वेगळा असू शकतो. वाचक हा संहितेचा सहनिर्माता असतो, हे वाचककेंद्री समीक्षेचे सूत्र आपण वर्गात सांगतो तेव्हा विद्यार्थी वहीत निमूटपणे उतरवून घेतात. येथे ते सूत्र तांत्रिक अर्थानेच खरे आहे. खेळणाऱ्याने पाऊल उचलले नाही तर कृती पुढे सरकतच नाही.

अशा कृतीला सर्वांसाठी मिळून एक अंक द्यायचा, तो दशांशापर्यंत मोजायचा, आणि तो इतरांच्या अंकाशी जुळला नाही तर समीक्षकाला धारेवर धरायचे! ‘प्रत्येकाची वाट वेगळी’ हे ज्या प्रकाराचे ब्रीद, त्याच्या समीक्षकांनी मात्र एका वाटेने चालावे, अशी ही मागणी आहे. त्यातला विरोधाभास ती करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

आता ‘सायबरपंक’कडे परत येऊ, कारण त्या प्रकरणात अंकाचे सारे पोकळपण एकदम उघडे पडले. प्रकाशनापूर्वी समीक्षकांना या गेमची केवळ पीसीवरची आवृत्ती देण्यात आली होती. खेळताना स्वतः टिपलेली दृश्ये दाखवण्यास त्यांना मनाई होती. कंपनीने पुरवलेलीच दृश्ये वापरायची होती. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर तो कसा चालतो, हे पाहण्याची संधी परीक्षकांना मिळालीच नाही. अनेकांनी ही मर्यादा आपल्या मजकुरात प्रामाणिकपणे नोंदवली होती. परंतु मजकुरातील अट अंकाबरोबर प्रवास करीत नाही. ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळावर सरासरी नव्वदीत झळकली, आणि जुने यंत्र घरी असलेल्याने ती आपल्यासाठीच आहे असे समजून ६० डॉलर मोजले. १० डिसेंबरला त्याच्या हाती जे पडले ते अडखळत, गोठत, बंद पडत चालणारे होते. आठवड्याभरात सोनीने हा गेम आपल्या दुकानातून काढून टाकला. तो परत आला २०२१ च्या जूनमध्ये. कंपनीच्या सहसंस्थापकाला जानेवारी २०२१ मध्ये चित्रफितीद्वारे जाहीर माफी मागावी लागली.

मग गर्दीने आरोपी बदलले. तीन दिवसांपूर्वी सात देणारी समीक्षिका गुन्हेगार होती. आता दहा देणारे विकले गेलेले ठरले. या दोन्ही आरोपांत एक साम्य आहे: दोन्ही वेळा परीक्षणे वाचली गेली नव्हती. वाचली असती तर पीसीची अट दिसली असती, तांत्रिक दोषांचे इशारे दिसले असते.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना या प्रकरणात आणखी एक गंमत सापडेल. हा गेम २०२० मध्ये होता तसा पुढे राहिला नाही. दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या आल्या, सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या अनेक मूलभूत यंत्रणा नव्याने रचणारी आवृत्ती आली, आणि त्याच महिन्यात ‘फँटम लिबर्टी’ हा जोडभाग आला. म्हणजे २०२० मध्ये ज्या संहितेला गुण मिळाले ती संहिता आता सहसा कोणी खेळत नाही. परंतु मेटाक्रिटिक परीक्षणाचा प्रथम प्रसिद्ध झालेला अंकच धरते; नंतर समीक्षकाचे मत बदलले तरी तो बदलत नाही. परिणाम असा, की एकाच नावाच्या कृतीपुढे पीसीसाठी ८६ आणि प्लेस्टेशन ४ साठी ५७ असे दोन आकडे उभे आहेत, आणि दोन्ही आकडे बऱ्याच अंशी नाहीशा झालेल्या पाठाविषयी आहेत. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर हयात घालवणाऱ्या आमच्या परंपरेला हा प्रश्न अगदी ओळखीचा आहे. ‘कोणत्या प्रतीविषयी बोलता?’ हा अभ्यासकाचा पहिला प्रश्न. अंकाला तो विचारताच येत नाही.

बरे, सात म्हणजे तरी काय? मेटाक्रिटिक २००१ पासून निरनिराळ्या नियतकालिकांचे तारे, श्रेणी, अंक शंभराच्या मोजपट्टीवर बसवते आणि त्यांची भारित सरासरी काढते. कोणत्या नियतकालिकाला किती भार, हे ती जाहीर करीत नाही. शिवाय चित्रपटाला ६१ गुण मिळाले की त्यांच्यामागे हिरवा रंग येतो. गेमला मात्र हिरव्यासाठी ७५ लागतात, आणि ५० ते ७४ हा पिवळा प्रदेश. म्हणजे ७० गुणांचा चित्रपट चांगला आणि ७० गुणांचा गेम संमिश्र! मोजपट्टीची खालची निम्मी बाजू जवळजवळ निकामी झाली आहे. दहापैकी सात म्हणजे ‘चांगला, पण’ असे म्हणणारा समीक्षक ज्या वाचकाशी बोलतो, त्याच्या लेखी सात म्हणजे नापास.

या आकड्याने माणसांचे पगारही ठरतात, हे कळल्यावर गंमत संपते. ‘फॉलआउट: न्यू वेगास’ हा ऑब्सिडियन या स्टुडिओचा ओपन वर्ल्ड गेम २०१० साली आला. मेटाक्रिटिकवर ८५ ची सरासरी मिळाली तरच स्टुडिओला बोनस मिळणार होता, मिळाले ८४. हे स्टुडिओतील ख्रिस अव्हेलोन यांनीच २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. ‘सायबरपंक’च्या कर्मचाऱ्यांचा बोनसही आरंभी परीक्षणांच्या सरासरीशी बांधलेला होता, गोंधळ उडाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने ती अट काढून टाकली, असे वृत्त ब्लूमबर्गने दिले. आपण लिहिलेल्या ७ मुळे एखाद्या अनोळखी कारागिराच्या घरी पैसे जाणार नाहीत, हे ठाऊक असलेला समीक्षक मोकळेपणाने लिहू शकेल काय? मालकाने वेतनाचा निकष समीक्षकाच्या डोक्यावर ठेवला, आणि समीक्षेने त्याला फारसा विरोधही केला नाही. येथे आमचा रोख गर्दीवर नाही, धंद्यावर आहे. गर्दीला आकड्यासाठी भांडायला धंद्यानेच शिकवले.

तरीही गर्दीला सर्वस्वी निर्दोष ठरवता येत नाही. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ आला तेव्हा त्याच ‘गेमस्पॉट’च्या कॅरोलिन पेटिट यांनी त्याला १० पैकी ९ गुण दिले. बहुतांश परीक्षण स्तुतीचे होते. त्यांनी फक्त एवढेच नोंदवले, की या गेममधील स्त्रियांचे चित्रण स्त्रीद्वेषी आहे. हजारो संतप्त प्रतिक्रिया आल्या. त्यांना नोकरीवरून काढावे अशी याचिका फिरली. मोठा गेम आहे हे मान्य, नऊ गुणही मान्य. तरी एक आक्षेप असह्य! २०१७ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची सरासरी ९७ असताना एका स्वतंत्र समीक्षकाने ७ दिले, तर त्याचे संकेतस्थळ हल्ला करून बंद पाडण्यात आले. सरासरीत त्या सातामुळे एका अंकाचा फरक पडला असेल. यावरून दिसते, की प्रश्न गुण कमी की जास्त हा नाही. आपल्याला प्रिय असलेल्या वस्तूविषयी दुसऱ्याला वेगळे दिसले, हेच सहन होत नाही. अंक या असहिष्णुतेला मोजण्याचे सोंग पुरवतो.

आणि शब्दांचे काय? डिसेंबर २०२० मध्ये या गेमविषयी जे काही लिहिले गेले त्यातील सर्वांत उपयुक्त मजकूर, आमच्या मते, गुण नसलेला होता. ‘गेम इन्फॉर्मर’च्या एका समीक्षिकेने लिहिले, की गेममधील एका प्रसंगी वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे खेळताना तिला अपस्माराचा झटका आला, ज्यांना हा विकार आहे त्यांनी जपावे. या लेखनाची दखल घेऊन स्टुडिओने गेममध्ये इशारा घातला आणि तो प्रकाशपरिणाम बदलला. एका परिच्छेदाने कृती बदलली, कदाचित कोणाला दवाखान्यापासून वाचवले. आणि त्या समीक्षिकेला मोबदला काय मिळाला? काही जणांनी तिला मुद्दाम लुकलुकत्या प्रकाशाच्या चित्रफिती पाठवल्या. या मजकुराला दहापैकी किती गुण द्यावेत, हे आम्हांस कोणी सांगावे.

आमच्यावर एक रास्त आक्षेप येईल. विकत घेणाऱ्याला वेळ नसतो, पैसे मोजके असतात. त्याला चटकन कळणारी खूण हवी. आम्ही हा आक्षेप उडवून लावत नाही. ‘युरोगेमर’ने २०१५ मध्ये गुण देणे थांबवले, आणि २०२३ मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत आणली. ‘पॉलिगॉन’ने २०१८ मध्ये गुण सोडले. म्हणजे अंकाचा मोह सुटणे सोपे नाही, आणि वाचकाची गरजही खोटी नाही. परंतु खूण आणि निवाडा यांत फरक आहे. जपानमधील ‘फामित्सू’ या नियतकालिकात चार परीक्षक एकाच गेमला स्वतंत्रपणे दहापैकी गुण देत आणि चारही अंक शेजारी शेजारी छापले जात. तेथे बेरीज होते हे खरे. पण एकाने ९ आणि दुसऱ्याने ६ दिले तर ते वाचकाला दिसते, आणि ‘का?’ असा प्रश्न मनात उभा राहतो. अंक द्यायचाच असेल तर मतभेद दाखवणारा द्यावा. मतभेद पुसून टाकणारी सरासरी ही खूणही नव्हे आणि समीक्षाही नव्हे.

‘गुण’ हा शब्द मराठीत मोठा बोलका आहे. गुणदोषविवेचन म्हणताना दोष त्याच्या जोडीला उभा असतो. परीक्षेत तोच शब्द आला आणि त्याचा जोडीदार गळाला. उरले नुसते गुण, मोजण्याजोगे. ही करामत आम्हीच केली. कवितेच्या रसग्रहणाला १० पैकी गुण देणारे आम्हीच, आणि उत्तरपत्रिका हाती आल्यावर ‘सर, तीन कुठे कापले?’ असे विचारणारा विद्यार्थीही आमच्याच हाताखाली घडलेला. उत्तराच्या समासात आम्ही काय लिहिले ते तो क्वचितच वाचतो. ज्या मुलाने पहिलीपासून स्वतःकडे अंकातून पाहिले, तो मोठा होऊन आवडत्या कृतीला मिळालेला ७ हा स्वतःचा अपमान समजत असेल, तर त्याला हसण्याचा अधिकार आम्हांस किती?

मराठी पुस्तक-परीक्षण तरी कुठे सोवळे आहे? आमच्याकडे अंक नाहीत, म्हणून आम्ही स्वतःला वरच्या पायरीवर मानतो. परंतु ‘प्रत्येक रसिकाने संग्रही ठेवावे असे पुस्तक’ हे वाक्य म्हणजे आमचे १० पैकी १०, आणि ते आम्ही किती सढळ हाताने वाटतो! लेखक ओळखीचा, प्रकाशक स्नेही, संपादक समंजस; मग दोष सांगायचा कोणी? आमच्या परीक्षणांत सात सापडत नाही. गेमच्या समीक्षकाला सात लिहिल्याबद्दल छळ सोसावा लागतो आणि तरी ती सात लिहिते. आम्हांस छळ होण्याचीही भीती नाही, फक्त समारंभाचे निमंत्रण चुकण्याची आहे, आणि तेवढ्याने आमचा हात थरथरतो. या बाबतीत कॅली प्लेग यांच्यासमोर आम्ही मान खाली घालावी हे बरे.

म्हणून आमचे आवाहन दोन्ही पक्षांना आहे. समीक्षेचा तास घेणाऱ्यांनी एकदा असा प्रयोग करावा: एखाद्या ओपन वर्ल्ड गेमचे परीक्षण निवडावे, त्यातील अंक झाकावा, विद्यार्थ्यांना मजकूर वाचायला द्यावा आणि अंक ओळखायला सांगावे. कोणी ६ म्हणेल, कोणी ९. मग प्रत्येकाला मजकुरातील ज्या वाक्यावरून त्याने हे ठरवले ते वाक्य दाखवायला लावावे. त्या क्षणी वर्गात जे भांडण सुरू होईल ते समीक्षेविषयीचे भांडण असेल, आणि ते आम्हांस हवे आहे.

गेम खेळणाऱ्यांना आमचे सांगणे इतकेच: भांडा, अवश्य भांडा. कलाकृतीसाठी भांडणारे लोक फार थोडे उरले आहेत, आणि तुम्ही त्यांतले आहात याचे आम्हांस कौतुकच वाटते. मात्र ज्याच्याशी भांडायचे त्याने काय लिहिले आहे ते आधी वाचा. ‘सात का?’ असे विचारलेत तर तुम्हांला उत्तर मिळेल. ते परीक्षणातच लिहिलेले असते. ‘सातच का?’ असे विचारत राहिलात, तर पुढच्या वेळी तुम्हांला दहा मिळतील, आणि त्यामागे लिहिलेले काहीच नसेल.